शनिवारी पैसे देऊ नका

वकीलबाई, नमस्कार.

मी खासगी दवाखान्यात नर्स आहे, मिस्टरांचा छोटा हत्ती आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत अकरा वर्षं भाड्यानं राहतोय. शुक्रवार पेठेत एक जुनं घर बघितलंय. जागा 900 फुटांची आहे, पाडून नवीन बांधायचा विचार आहे. घर तीन भावांचं. थोरले व्यवहार बघतात, मधले आईंना घेऊन मागच्या खोल्यांत राहतात, धाकटे दुबईला असतात. दोन बहिणी, एक निपाणीत, एक सांगलीत. वडिलांनी 1968 साली घर घेतलं, ते 2011 मध्ये वारले. मृत्युपत्र नाही. किंमत 52 लाख ठरलीय, पण कागदावर 34 दाखवू आणि बाकीचे रोख द्या असं थोरल्यांचं म्हणणं. येत्या शनिवारी 11 लाख रोख इसार द्यायचाय, पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून देतो म्हणाले. बहिणींची लग्नं 1990 च्या आधी झालीत, त्यांना कायद्यानं हक्क नाही आणि त्यांनी तोंडी सोडलंच आहे, असंही म्हणाले. धाकट्यांनी वटमुखत्यारपत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलाय. घरफाळ्याची पावती थोरल्यांच्या नावाची आहे, ती मी बघितली. पुढच्या खणात एक शिंपीकाका बसतात, ते उठून जातील म्हणे. एजंट म्हणतो, वकिलाचा खर्च कशाला, बँक सगळं तपासतेच आणि थोरल्यांचे वकील दोघांचंही बघतील. गंठण आणि पाटल्या मोडून पैसे जमवलेत. वकील लावायलाच पाहिजे का? तसं म्हटलं तर ते घर दुसऱ्याला देतील अशी भीती वाटते.

राजारामपुरीतील एक वाचक

ताई, शनिवार जवळ आलाय म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. वकील लावायलाच पाहिजे. तो तुमचा स्वतःचा पाहिजे, आणि शनिवारच्या आधी पाहिजे. लोक आमच्याकडे येतात ते एकतर खरेदीखत टाइप करायच्या दिवशी, नाहीतर दावा घालायच्या दिवशी. पहिल्या दिवशी इसार जाऊन दोन महिने झालेले असतात, दुसऱ्या दिवशी दोन वर्षं. पैसे खिशात असताना आलेला माणूस मला वर्षातून मोजकाच भेटतो. तुम्ही त्यातल्या एक आहात, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते आईंचं. त्या मधल्यांकडे राहतात एवढंच तुम्ही लिहिलंय. थोरल्यांनीही तेवढंच सांगितलं असणार. पण घर वडिलांनी स्वतः विकत घेतलेलं आहे आणि मृत्युपत्र नाही. मग 1956 चा हिंदू वारसा कायदा सरळ लागतो: बायको, मुलगे आणि मुली, सगळ्यांना सारखा हिस्सा. म्हणजे आई, तीन भाऊ, दोन बहिणी, मिळून सहा जण. प्रत्येकाचा सहावा हिस्सा. तिघा भावांनी सह्या केल्या तर तुम्हाला मिळेल निम्मं घर, आणि किंमत मोजाल पूर्ण 52 लाख.

ते निम्मंही हातात येणार नाही. कुटुंबाच्या राहत्या घरातला अविभक्त हिस्सा परक्यानं विकत घेतला, तर त्या कुटुंबाबरोबर एकत्र ताबा मागायचा हक्क त्याला कायदा देत नाही. त्याला वाटपाचा दावा घालावा लागतो. आणि त्या दाव्यात घरातल्या हिस्सेदारांना कोर्ट ठरवील त्या किमतीला त्याचा हिस्सा विकत घेता येतो. आई मागच्या खोल्यांत राहत असताना तुम्ही पुढून घर पाडायला घेणार, हे चित्र डोळ्यांपुढे आणा.

आता बहिणींच्या लग्नाचं. थोरल्यांनी हे हवेतून काढलेलं नाही, आपल्याकडे पिढीभर चाललेला तो समज आहे. महाराष्ट्रानं 1994 साली वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला, पण 22 जून 1994 च्या आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. पुढे 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राची दुरुस्ती आली, त्यात लग्नाची अट नाही. वडील त्या तारखेला हयात असायला हवेत की नको, यावर बरीच वर्षं कोर्टाकोर्टांत वेगवेगळी मतं होती. ती 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा प्रकरणात मिटवली: मुलीचा हक्क जन्मानं आहे, वडील हयात असण्याशी त्याचा संबंध नाही. पण हा सगळा वाद वडिलोपार्जित मिळकतीचा. वडिलांच्या स्वकष्टाच्या घरात मुलीला वाटा 1956 पासूनच आहे, तिचं लग्न कधीही झालेलं असो. उद्या कुणी म्हणालं की 1968 ची खरेदी एकत्र कुटुंबाच्या पैशातून झाली होती, तर हिश्श्यांचं गणित बदलेल, कदाचित नातवंडांची नावंही त्यात येतील. बहिणी मात्र त्यातूनही सुटणार नाहीत. म्हणून 1968 चं मूळ खरेदीखत तुमच्या वकिलानं ओळ न् ओळ वाचायला हवं.

आणि तोंडी सोडलं म्हणजे काय? भाऊबीजेला साडी घेऊन बहीण म्हणते, दादा मला काही नको. ती खऱ्या मनानंच म्हणते. पण स्थावर मिळकतीतला हक्क तोंडानं सुटत नाही, त्याला नोंदवलेलं हक्कसोडपत्र लागतं. नात्यात मोबदल्याशिवाय केलं तर त्याचं मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. माझं मत विचाराल तर त्याच्याही मागे लागू नका. दोघी बहिणी आणि आई, तिघींना खरेदीखतातच लिहून देणार म्हणून घ्या, आणि त्यांच्या हिश्श्याची रक्कम त्यांच्याच खात्यावर चेकनं द्या. 52 लाखांचा सहावा भाग साधारण 8 लाख 66 हजार होतो. ही रक्कम ज्या बाईच्या खात्यात स्वतःच्या नावानं जमा झाली, ती पाच वर्षांनी 'मला काही सांगितलंच नव्हतं' म्हणून दाव्यात उभी राहत नाही. नंतर ती भावाला परत देईल, न देईल, तो त्यांच्या घरचा प्रश्न. आईंना कार्यालयापर्यंत येणं झेपत नसेल तर सकारण अर्ज केल्यावर दुय्यम निबंधक घरी येऊन दस्त नोंदवून घेऊ शकतात, त्यासाठी वेगळी फी आहे. त्या दिवशी डॉक्टरांचा दाखला जोडा. वयस्कर माणसाच्या अंगठ्यावरून पुढे फार भांडणं होतात.

घरफाळ्याच्या पावतीचं थोडक्यात. महापालिकेला घरफाळा हवा असतो, मालक कोण हे ठरवण्यात तिला रस नसतो. पावती मालकीचा पुरावा नाही. बघायचं ते सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड. त्यावर अजून वडिलांचंच नाव असेल तर सहाही वारसांची नोंद विक्रेत्यांनी आधी लावून घ्यावी, आणि ते काम त्यांच्या खर्चानं व्हावं. कार्डावर सत्ता प्रकाराचा रकाना असतो, तोही वाचायला सांगा. आपल्या जिल्ह्यात देवस्थानच्या आणि वतनाच्या जमिनी इतक्या आहेत की जुन्या पेठेतल्या घराखालचीही जमीन कोणत्या प्रकारची, हे विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही.

मूळ खरेदीखत फोटोत बघून समाधान मानू नका. मूळ कागद घरात नसेल तर तो बहुधा कुठल्यातरी बँकेच्या नाहीतर पतसंस्थेच्या कपाटात आहे. कोल्हापुरात गल्लीगणिक पतसंस्था. मूळ कागद ठेवून कर्ज घेतलं तर 2013 पासून त्याची सूचना निबंधक कार्यालयात दाखल करावी लागते, त्याआधीचं कर्ज असं कागदावर दिसेलच असं नाही. माझ्याकडे एक प्रकरण आलं होतं. मूळ दस्त 'माळ्यावर कुठेतरी आहे' म्हणत म्हणत खरेदी झाली आणि दीड वर्षानं एका संस्थेची नोटीस दारावर चिकटली. 30 वर्षांचा सर्च, म्हणजे निबंधक कार्यालयातल्या जुन्या नोंदींची तपासणी, करून घ्या, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. नोटीस कोल्हापूर आवृत्तीत येतेच, तुम्ही सांगली आणि बेळगाव आवृत्तीतही द्या, कारण बहिणी तिकडे राहतात.

रोखीकडे येते. इथं जरा कडू लिहिणार आहे.

52 चं घर 34 ला दाखवल्यानं तुमचं काय वाचतं ते मोजू. आपल्या शहरात सध्या मुद्रांक शुल्क 5 टक्के आणि वर 1 टक्का अधिभार, असं 6 टक्के आहे. खरेदी एकट्या बाईच्या नावानं असेल तर 1 टक्का सवलत मिळते. मिस्टरांचं नाव जोडलं की सवलत जाते, हे एजंट सांगत नाहीत. तुमच्या एकटीच्या नावानं घेतलं तर 52 लाखांवर 2 लाख 60 हजार, दोघांच्या नावानं 3 लाख 12 हजार. नोंदणी फी 30 हजार, ती दोन्हीकडे सारखीच. 18 लाख लपवून एकटीच्या नावावर वाचणार ते 90 हजार. तेही रेडी रेकनरनं, म्हणजे सरकारी दरपत्रकानं, या जागेची किंमत 34 च्या आत येत असेल तरच, कारण शुल्क दोन्हीपैकी जास्त असलेल्या रकमेवर लागतं.

आता गमवायचं काय? या पट्टीतल्या घराला बँक साधारण 80 टक्के कर्ज देते असं धरू. 52 वर 41 लाख 60 हजार, 34 वर 27 लाख 20 हजार. म्हणजे 90 हजार वाचवायला 14 लाख 40 हजारांचं कर्ज सोडायचं, आणि तेवढे रोख पैसे कुठूनतरी उभे करायचे. तुमच्या पाटल्या तिथं गेल्या, ताई. पुढे कधी घर विकलंत तर तुमची खरेदी किंमत 34 च धरली जाईल आणि न झालेल्या 18 लाखांच्या नफ्यावर कर तुम्ही भराल. व्यवहार फिसकटला तर कोर्टात तुम्हाला 34 च्या वर एक रुपया मागता येणार नाही. हे सगळं ज्याच्या सोयीसाठी, त्याला मात्र यात काहीच तोटा दिसत नाही. मिळकतीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, हे थोरल्यांना एकदा सहज बोलता बोलता ऐकवा. रोखीचा आग्रह बऱ्याचदा तिथंच ढिला पडतो.

52 लाख खरे दाखवले की आणखी एक काम तुमच्या अंगावर येतं. 50 लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात 1 टक्का टीडीएस, म्हणजे विक्रेत्याच्या रकमेतून आधीच कापायचा कर, कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची. पूर्वी लोक म्हणायचे, प्रत्येकाचा वाटा 50 च्या आत आहे, मग कशाला कापायचा? ती वाट 2024 साली बंद झाली, आता सगळ्या विक्रेत्यांची रक्कम एकत्र धरतात. धाकटे दुबईचे कायमचे रहिवासी, म्हणजे करासाठी अनिवासी असतील तर त्यांच्या वाट्याला हा 1 टक्का चालतच नाही, तिथं बरीच जास्त कपात करावी लागते. नाही कापली तर आयकर खातं तुम्हाला विचारतं, त्यांना नाही. एवढ्यासाठी एखाद्या सीएंना अर्धा तास गाठाच.

धाकट्यांच्या मुखत्यारपत्राचा फोटो काही कामाचा नाही. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित होऊन मूळ कागद इथं यावा लागतो, आणि भारतात पोचल्यापासून 3 महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. त्यात हेच घर, याच किमतीला विकायचा आणि सही करायचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा. त्यापेक्षा ते गणपतीला येणार असतील तर तोवर थांबा आणि समोर सही घ्या.

शिंपीकाकांना तुम्ही स्वतः जाऊन भेटा. हे मी मुद्दाम सांगते, कारण घर घेणारी माणसं घराशी बोलतात, भाडेकरूशी बोलत नाहीत. ते किती वर्षं बसतात, भाडं कुणाला देतात, पावती मिळते का, पागडी दिली होती का, एवढं विचारलंत तरी पुरे. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं मालक बदलला म्हणून भाडेकरू उठत नाही. लेखी करार नसला तरी वर्षानुवर्षांच्या पावत्या त्याला पुरतात. तुम्हाला जागा स्वतःच्या गरजेसाठी हवी म्हणून त्यांना काढायचं तर कोर्टात जावं लागेल, आणि ते प्रकरण किती वर्षं चालेल हे मी तुम्हाला लिहून देऊ शकत नाही. काका जाणार असतील तर विक्रेत्यांनी त्यांच्याशी लेखी मिटवावं, खण रिकामा करून घ्यावा, आणि मगच तुम्ही उरलेले पैसे द्यावेत. जाणार नसतील तर भाडेकरूसह घराची किंमत 52 लाख नाही. आणि कोल्हापुरात राहून एक गोष्ट तुम्हीही जाणता: पेठेतल्या शिंप्याला दमदाटी करून हलवलं तर गल्ली तुमची कधीच होत नाही.

पाडून बांधायचं म्हणता, तर शुक्रवार पेठ म्हटल्यावर मी आधी पंचगंगेचं विचारते. राजाराम बंधाऱ्याला 39 फुटांवर इशारा, 43 वर धोका, हे आपल्याकडे शाळेतली पोरंही सांगतात. पण तुम्हाला हवी ती पूररेषा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जागा निळ्या रेषेच्या आत असेल तर नवीन बांधकाम होईल असं धरून चालू नका. दोन्हींच्या मध्ये असेल तर अटी येतात. महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि रस्तारुंदीचा अभिप्राय घ्या. 900 फुटांतले शंभर फूट रस्त्यात गेले तर उरलेल्यावर काय बांधणार? आणि कागदाच्या आधी शेजारच्या आजींना विचारा, 2019 ला आणि 2021 ला पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं होतं. त्या बोटानं भिंतीवर दाखवतील.

बँक सगळं तपासते, हे अर्धं खरं आहे. बँकेचा पॅनेलवरचा वकील बँकेचं कर्ज बुडणार नाही एवढं बघतो. तुमच्या पगारातून हप्ता जाणार आहे, त्यामुळे घराचं काही झालं तरी बँकेला तिचे पैसे मागायला तुम्ही आहातच. थोरल्यांचे वकील तुमचंही बघतील हे तर बोलूच नका, ज्यानं फी दिली त्याचं तो बघतो, आणि तसंच बघायला हवं. वकील निवडताना दिवाणी कामं करणारा, सिटी सर्व्हेत आणि निबंधक कार्यालयात स्वतः जाऊन नोंदी बघणारा निवडा. सर्च रिपोर्ट लेखी, त्यांच्या सहीशिक्क्यानं मागा. फी आधी ठरवा: सर्च, जाहीर नोटीस, साठेखत (खरेदीखताच्या आधीचा विक्रीचा करार), खरेदीखत, नोंदणीला हजर राहणं, आणि नंतर प्रॉपर्टी कार्डावर तुमचं नाव लागेपर्यंतचा पाठपुरावा. बरेच जण खरेदीखत झालं की पेढे वाटतात आणि नाव लावायचं तसंच राहतं. 52 लाखांच्या व्यवहारात ही सगळी फी तुमच्या स्टँप ड्युटीच्या आसपासही जाणार नाही. तरी हात आखडतच असेल तर कसबा बावडा रोडवरच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथं उत्पन्नाची अट न घालता मोफत सल्ला मिळतो. सर्च तिथं होणार नाही, पण कागद कुणालातरी दाखवल्याशिवाय तुम्ही शनिवारी निघणार नाही एवढं होईल.

नोटरीच्या कागदाचं राहिलं. नोटरी म्हणजे सही नोटरीसमोर झाली याची साक्ष, नोंदणी नव्हे. इसार द्यायचाच तर सहाही जणांच्या सह्यांचं साठेखत करा आणि ते नोंदवा. ताबा द्यायचं कलम त्यात आलं की शुल्क खरेदीखताएवढं लागतं, पण तेच पुढे खरेदीखतात वजा मिळतं, बुडत नाही. मालकीत खोट निघाली, शिंपीकाका उठले नाहीत किंवा बांधकामाची परवानगी मिळण्यासारखी नसली तर इसार इतक्या दिवसांत पूर्ण परत, हे कलम तुमच्या वकिलाकडून लिहून घ्या. व्यवहार पुरा करून मागायची मुदत ठरलेल्या तारखेपासून, तारीख नसेल तर समोरच्यानं नकार दिल्याचं कळल्यापासून, 3 वर्षं असते. ती 'बघू, करू' मध्ये संपवू नका.

थोरल्यांना काय सांगायचं? शनिवारी जा, चहा घ्या, आणि म्हणा, "दादा, घर पक्कं आवडलंय, पण बँकेला प्रॉपर्टी कार्ड, मूळ खरेदीखत आणि सगळ्यांची नावं लागणार. कागद द्या, तीन आठवड्यांत वकील बघून सांगतील." विश्वास दाखवायला 51 हजारांचा चेक नेऊ का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. नेऊ नका. कागद न देता घर दुसऱ्याला देतो म्हणाले तर देऊ देत, त्या दुसऱ्याची पाळी यायची आहे.

कागद दिलेच, तर त्याच खेपेला आईंना भेटून या. मागच्या खोल्यांत जाऊन नमस्कार करा, आणि घर विकायचं चाललंय हे त्यांना माहीत आहे का, तेवढं विचारून या.